सायकलींची रांग आणि वाऱ्याचा आडोसा

रविवारी भल्या पहाटे पुण्याहून खडकवासल्याकडे किंवा सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलस्वारांच्या रांगा दिसतात. एके काळी पुणे सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. आता रस्त्यांवर मोटारींचे राज्य आहे. तरी गावोगावची सायकल मंडळे सुटीच्या दिवशी एकत्र निघतात, वाटेत चहा घेतात आणि ऊन चढायच्या आत घरी परततात. तुमच्याही शाळेने अशी एखादी सहल ठरवली असेल किंवा पुढेमागे ठरवाल.

अशी रांग नीट न्याहाळली, तर काही प्रश्न मनात येतात. कोणी पुढच्याच्या अगदी पाठोपाठ का चालवतो? सपाटीवर एकत्र असलेली टोळी घाटात का विस्कटते? आणि एखादा मुलगा जरा मागे पडला की तो मागेच का पडत जातो? या साऱ्यांची उत्तरे नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात दडलेली आहेत. आज ती आपण आकडेमोड करून शोधू. कारण सहलीला निघालेली सारी मंडळी सुखरूप आणि हसतमुखाने परत येणार की नाही, हे पुष्कळसे त्या आकड्यांवर अवलंबून असते.

झगडा कोणाशी?

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने सायकल चालवताना तुमचे पाय दोन विरोधांशी झगडत असतात. पहिला विरोध चाके आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा. ५५ किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी आणि २० किलोग्रॅमची साधी सायकल धरली, तर हे बल सुमारे ६ न्यूटन भरते. वेग कमीजास्त झाला तरी ते फारसे बदलत नाही.

दुसरा विरोध हवेचा. याचा स्वभाव निराळा आहे. हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट! पुण्याच्या उंचीवर एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१ किलोग्रॅम असते. साध्या सायकलवर ताठ बसलेल्या विद्यार्थ्यासाठी आपण असे सूत्र धरू:

हवेचा विरोध (न्यूटन) = ०.२७५ × वेग × वेग

यातील वेग मीटर प्रतिसेकंद या एककात घ्यायचा. दोन्ही बलांची बेरीज करून तिला वेगाने गुणले की पायांना द्यावी लागणारी शक्ती वॅटमध्ये मिळते. पाहा:

ताशी १० कि. मी. – हवेचा विरोध २.१ न्यूटन – शक्ती २३ वॅट
ताशी १५ कि. मी. – हवेचा विरोध ४.८ न्यूटन – शक्ती ४५ वॅट
ताशी २० कि. मी. – हवेचा विरोध ८.५ न्यूटन – शक्ती ८० वॅट
ताशी २५ कि. मी. – हवेचा विरोध १३.३ न्यूटन – शक्ती १३४ वॅट
ताशी ३० कि. मी. – हवेचा विरोध १९.१ न्यूटन – शक्ती २०९ वॅट

ताशी १० कि. मी. वेगाने जाताना हवेची जाणीवही होत नाही. ताशी २० ला मात्र तिने घर्षणाला मागे टाकलेले असते. वेग १५ वरून ३० वर नेला, तर शक्ती साडेचारपटीहून अधिक लागते. हे कोष्टक वहीत उतरवून ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

पुढच्याच्या पाठीमागे

पुढचा स्वार हवा कापत जातो, तेव्हा त्याच्या पाठीमागची हवाही थोडीफार त्याच्याबरोबर ओढली जाते. तिथे शिरलेल्या दुसऱ्या स्वाराच्या अंगावर येणारा वारा साहजिकच मंदावतो. वादळात भिंतीचा आडोसा घ्यावा, तसाच हा प्रकार. फक्त भिंत चालती आहे.

हा आडोसा शास्त्रज्ञांनी मोजलेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे चेस्टर काइल यांनी रांगेत जाणाऱ्या सायकलस्वारांवरील आपले प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध केले. अगदी जवळून पाठलाग करणाऱ्याचा हवेचा विरोध एक-तृतीयांशाहूनही अधिक घटतो, असे त्यांत दिसले. २०१८ साली नेदरलँड्स आणि बेल्जियम येथील संशोधकांनी १२१ स्वारांच्या दाट घोळक्याचा संगणकावर आणि वातबोगद्यात अभ्यास केला. घोळक्याच्या आत खोलवर असलेल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असे आढळले. आणखी एक गंमत पाहा. मागच्यामुळे पुढच्याचाही किंचित फायदा होतो, कारण पुढच्याच्या पाठीमागे निर्माण होणारा कमी दाबाचा प्रदेश मागच्या स्वारामुळे थोडा भरून निघतो.

आपण हवेचा विरोध एक-तृतीयांशाने घटतो असे धरू. मग ताशी २५ ला पुढच्याला १३४ वॅट लागत असता मागच्याला १०३ वॅट पुरतात. शर्यतीतले स्वार आळीपाळीने पुढे येतात ते याचसाठी. चौघांनी सारखा वाटा उचलला, तर प्रत्येकाला सरासरी १११ वॅट पडतात. एकट्याला हाच वेग २३ वॅट महाग पडतो.

मागे पडलेल्याचे गणित

आता एक अशी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा, जी दीर्घकाळ ७० वॅट देऊ शकते. टोळी ताशी २० ने चालली आहे. पुढच्याच्या अगदी पाठोपाठ राहिली, तर तिला ६५ वॅट पुरतात. म्हणजे ती सहज सर्वांबरोबर आहे. गप्पाही मारते आहे.

एवढ्यात चौकात दिवा लाल होतो, किंवा तिची चेन उतरते. मध्ये पन्नास मीटरची फट पडते आणि आडोसा गेला! आता त्याच वेगाला तिला ८० वॅट हवेत आणि तिच्याजवळ आहेत ७०. एकटीचा तिचा वेग ताशी १८.७ कि. मी. भरतो. टोळी वेग कमी करत नसेल, तर ही फट पाव तासात आणखी ३०० मीटरहून अधिक वाढते. तिने कितीही जिद्द धरली, तरी ती भरून निघत नाही.

अशा वेळी पुढची मंडळी ‘जरा जोर लाव की!’ असे ओरडतात. हा सल्ला चुकीचा आहे, हे आता तुम्हीच आकड्यांनी सिद्ध करू शकता. आडोशातल्या माणसाने उघड्यावरच्या माणसाला आळशी म्हणू नये. यावर उपाय एकच: पुढच्यांनी थांबायचे. म्हणूनच चांगल्या सायकल मंडळांत एक अनुभवी स्वार मुद्दाम सर्वांच्या शेवटी राहतो. त्याच्या मागे कोणीही राहायचे नाही, असा नियमच असतो.

तीस सेंटिमीटर की पाच मीटर?

मग सर्वांनी चाकाला चाक लावूनच जावे का? थांबा. आधी एक सोपा प्रयोग करा. मित्राला पट्टी उभी धरायला सांगा. तुमची बोटे तिच्या खालच्या टोकाशी, न टेकवता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही पकडावी. पट्टी साधारण २० सेंटिमीटर घसरते. पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रावरून हा काळ ०.२ सेकंद येतो. पण इथे तुम्ही टक लावून वाट पाहत होता. रस्त्यावर धोका दिसणे, उमगणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे यांना अधिक वेळ लागतो. तो ०.८ सेकंद धरू.

तुम्ही पुढच्याच्या मागे ३० सेंटिमीटरवर आहात. खड्डा पाहून त्याने करकचून ब्रेक दाबला. त्याचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद या दराने घटतो आहे. तुमच्यातले ३० सेंटिमीटर संपायला किती वेळ लागेल? उत्तर: ०.४५ सेकंद. म्हणजे तुमची बोटे ब्रेकवर दाबली जाण्यापूर्वीच तुमचे पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाला भिडलेले असेल.

अशा टकरीत बहुधा मागचाच पडतो. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवून आपण तोल सावरत असतो. पुढचे चाक अडकले की ते वळवता येत नाही आणि तोल गेलाच. तुमच्या पाठोपाठ येणारेही मग तुमच्या अंगावर येतात.

ताशी २० वेगाला ०.८ सेकंदात सायकल ४.४ मीटर जाते. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर सहलीला निघालेल्यांनी मध्ये किमान पाच मीटर अंतर ठेवावे. शर्यतीतले स्वार फार जवळून जातात, पण त्यांनी त्याचा वर्षानुवर्षे सराव केलेला असतो आणि रस्ताही बहुधा रहदारीला बंद असतो.

आवाज देण्याचे महत्त्व

दहा जणांच्या रांगेत प्रत्येक जण केवळ पुढच्याकडे पाहून ब्रेक लावत असेल, तर पहिल्याला दिसलेल्या खड्ड्याची बातमी दहाव्यापर्यंत नऊ टप्प्यांनी पोहोचते. नऊ गुणिले ०.८, म्हणजे सात सेकंदांहून अधिक! तेच पहिल्याने ‘खड्डा!’ अशी खणखणीत हाक दिली, तर ४५ मीटर अंतर ध्वनी सुमारे ०.१३ सेकंदात कापतो. मोठी रहदारी असेल तर प्रत्येकाने हाक मागे पोहोचवावी आणि हातानेही खूण करावी.

गतिरोधकापाशीही असेच घडते. पहिला स्वार वेग २० वरून १० वर आणतो आणि पार होताच सुसाट सुटतो. शेवटचा अजून गतिरोधकाच्या अलीकडेच असतो. त्याला मग अंतर भरून काढण्यासाठी धापा टाकाव्या लागतात. वेग १० वरून पुन्हा २० करायला सुमारे ८७० जूल गतिज ऊर्जा लागते. ती दहा सेकंदांत दिली तर ८७ वॅट जादा, पाच सेकंदांत दिली तर १७४ वॅट! म्हणून पुढच्याने अडथळा ओलांडल्यावर वेग हळूहळू वाढवावा. त्याच्या सावकाशीने शेवटच्याचे श्रम निम्मे होतात.

घाटात

दर शंभर मीटरला पाच मीटर चढ असलेला घाट घ्या. आता गुरुत्वाकर्षण जवळजवळ ३७ न्यूटन बलाने मागे खेचते. ताशी १० वेगाने हवेचा विरोध आहे फक्त २.१ न्यूटन. शक्ती लागते १२५ वॅट आणि तीत हवेचा वाटा वीस भागांत एकही नाही. आडोसा इथे कुचकामी. ज्याचे त्याचे वजन, ज्याची त्याची शक्ती. म्हणून घाटात प्रत्येकाने आपापल्या गतीने चढावे आणि सर्वांनी माथ्यावर एकत्र जमावे.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, तर सिंहगड सुमारे १३०० मीटरवर आहे. ७५ किलोग्रॅम वस्तुमान ७४० मीटर वर न्यायला सुमारे ५.४ लाख जूल कार्य करावे लागते. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता फार तर एक-चतुर्थांश. म्हणजे अन्नातून बावीस लाख जूल खर्च होतात. गडावरचे पिठले-भाकरी गोड का लागते, हे वेगळे सांगायला नको!

उतरताना मात्र सावध असावे. सपाटीवर ताशी २० वेगाने ब्रेक दाबल्यावर सायकल सुमारे ५ मीटरांत थांबते, तर ताशी ४० ला सुमारे २० मीटर लागतात. उतारावर गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध काम करते, तेव्हा हे अंतर आणखी वाढते. पावसात रिम ओली असेल तर ब्रेक उशिरा पकडतात. म्हणून घाट उतरताना रांग अधिक विरळ हवी.

वेग कोणी ठरवायचा?

आता कोष्टकाकडे परत या. ताशी २० ला अगदी चिकटून चालल्याने ८० वॅटचे ६५ होतात. बचत १५ वॅट, आणि तीही धोका पत्करून. त्याऐवजी टोळीचा वेगच ताशी १७ केला तर? प्रत्येकाला, आडोशाशिवाय, ५७ वॅट पुरतात. बचत २३ वॅट! मध्ये पाच मीटर अंतर ठेवूनही आपली ७० वॅटची मैत्रीण आरामात सर्वांबरोबर राहते. वीस किलोमीटरला वेळ किती जास्त लागला? जेमतेम साडेदहा मिनिटे.

तेव्हा सहलीचा वेग सर्वांत दमदार स्वाराने ठरवू नये. जो सर्वांत कमी शक्तीचा आहे, त्याला एकट्याने पेलेल असा वेग सर्वांनी धरावा. हा नियम सौजन्याचा तर आहेच, पण गणितही त्याच्याच बाजूने आहे.

करून पाहा

१. तुम्ही ताशी १५ वेगाने जात आहात आणि समोरून ताशी १० वेगाचा वारा वाहत आहे. हवेचा विरोध ताशी २५ साठी काढा, पण शक्ती काढताना तुमचा स्वतःचा वेग घ्या. उत्तर ८० वॅटच्या आसपास यायला हवे. वारा नसताना किती लागत होते?

२. शाळेच्या मैदानावर एका खुणेपर्यंत ठरावीक वेगाने या आणि पायडल मारणे थांबवा. सायकल किती दूर जाते ते मोजा. एकदा ताठ बसून आणि एकदा वाकून असे पाच-पाच वेळा करा. सरासऱ्यांत फरक का पडतो?

३. सहलीपूर्वी वर्गातील प्रत्येकाने वीस मिनिटे एकट्याने, दम न लागता सायकल चालवून आपला सरासरी वेग काढावा. शिक्षकांनी त्या यादीतील सर्वांत लहान आकडा फळ्यावर लिहावा. तोच तुमच्या सहलीचा वेग.