एकच खेळ, निरनिराळीं यंत्रें

तुलना करणें हा मनुष्याच्या बुद्धीचा स्वभावच आहे. दोन वस्तु समोर आल्या कीं, त्यांपैकीं सरस कोणती हें ठरविल्यावांचून मनाला चैन पडत नाहीं. परंतु तुलना न्यायानें केली तरच तिच्यापासून ज्ञान मिळतें. एरवीं तिच्यांतून केवळ कलह उत्पन्न होतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील कास्तकाराला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. कपाशीचें एकच बियाणें काळ्या कसदार जमिनींत पेरलें आणि तेंच बरड, मुरमाड जमिनींत पेरलें, तर दोन्ही शेतांतील पीक सारखें येत नाहीं. म्हणून जाणता कास्तकार नुसतीं बोंडें पाहून बियाण्यास नांवें ठेवीत नाहीं. जमीन कोणती, पाऊस किती, मशागत कशी, हें तो आधीं विचारतो.

हाच न्याय आज आम्ही एका नव्या विषयास लावून पाहणार आहों. व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्रांस कन्सोल म्हणतात. त्यांत सोनीचें प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स आणि निन्टेंडोचें स्विच हीं तीन विशेष प्रसिद्ध आहेत. एकच खेळ या तिहींवर निघतो, आणि तो कोणत्या यंत्रावर अधिक सुंदर दिसतो याबद्दल मधल्या सुटींत विद्यार्थ्यांचा वाद रंगतो. वाद मुलांचा असला तरी पैसा पालकांचा असतो. आणि ज्या घरीं वर्षाचा हिशेब कापूस विकल्यावर होतो, त्या घरीं अशा खरेदींत फसगत झाली तर ती लहान गोष्ट नव्हे.

पहिलें उदाहरण महाराष्ट्रांतलेंच घेऊं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ तयार केला. राक्षसांनीं पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधार्थ राजी ही मुलगी निघते आणि दुर्गा व विष्णु यांच्या साहाय्यानें महाबलासुराशीं लढते, अशी त्याची कथा आहे. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजीं प्रथम स्विचवर निघाला. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणक यांवर तो १५ ऑक्टोबर २०२० रोजीं आला. कथा तीच, चित्रकार तेच, आणि खेळ घडविण्याचें 'अनरियल इंजिन' हें साधनहि तेंच. भेद होता तो जमिनीचा. स्विच हें हातांत धरून बॅटरीवर खेळतां येणारें लहान यंत्र. त्याची स्मृति ४ गीगाबाइट. बाकीचीं दोन कन्सोलें घरच्या विजेवर चालणारीं, आकारानें मोठीं, आणि प्रत्येकाची स्मृति ८ गीगाबाइट. थोड्या विजेंत चालणाऱ्या यंत्रानें मोठ्या यंत्राइतकेंच काम करावें, ही अपेक्षाच न्यायाची नव्हे.

आतां हा भेद मोजावा कसा? त्यास मुख्यत्वें दोन मापें आहेत. पहिलें माप बिंदूंचें. पडद्यावरील चित्र पिक्सेल नांवाच्या बारीक बिंदूंचें बनलेलें असतें. ज्या चित्रास '७२०' मापाचें म्हणतात, त्यांत १२८० × ७२० म्हणजे ९,२१,६०० बिंदु असतात. '१०८०' मापाच्या चित्रांत १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदु असतात. दुसरें चित्र पहिल्याच्या बरोबर सव्वादोन पट भरतें. दुसरें माप गतीचें. खेळांतील हालचाल म्हणजे भराभर बदलणारीं चित्रेंच होत. सेकंदास ३० चित्रें दाखवावयाचीं असतील तर एका चित्रासाठीं यंत्रास सेकंदाचा तिसावा भाग मिळतो; ६० दाखवावयाचीं असतील तर त्याच्याहि निम्माच. या अवधींत प्रत्येक बिंदूचा रंग, उजेड व सावली यांचें गणित पुरें झालें पाहिजे. म्हणून हीं दोन्ही मापें जणुं एकाच थैलींतून खर्च होतात. बिंदूंवर अधिक खर्च केला कीं गतीस कमी उरतें, आणि गतीवर अधिक केला कीं बिंदूंस कमी उरतें.

प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन हीं दोन्ही यंत्रें नोव्हेंबर २०१३ मध्यें निघालीं. दोहोंचा गणित करणारा मुख्य भाग एएमडी या एकाच कंपनीचा होता. तरीहि 'कॉल ऑफ ड्यूटी : घोस्ट्स' हा खेळ प्लेस्टेशनवर १०८० मापाचा आणि एक्सबॉक्सवर ७२० मापाचा निघाला. याचें कारण काय? प्लेस्टेशनचा चित्रें रेखाटणारा भाग सेकंदास १.८४ लाख कोटि गणितें करूं शके, एक्सबॉक्सचा १.३१ लाख कोटि. शिवाय मुख्य स्मृतींतून माहिती आणण्याचा वेग प्लेस्टेशनमध्यें सेकंदास १७६ गीगाबाइट, तर एक्सबॉक्समध्यें ६८ होता. ही उणीव भरून काढण्यासाठीं एक्सबॉक्सला ३२ मेगाबाइटांची एक लहान पण जलद स्मृति दिलेली होती. ती नीट वापरण्यास कारागिरांस अधिक खटपट पडे. विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गणिताच्या शक्तींतील भेद दीडपटीहूनहि कमी असतां चित्रांतील भेद सव्वादोन पट झाला. यावरून यंत्राचा एकच आकडा पाहून खेळाचें रूप सांगतां येत नाहीं, हें सिद्ध होतें.

कारागिरीचें महत्त्व दाखविणारें दुसरें उदाहरण पोलंड देशांतील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीच्या 'द विचर ३' या खेळाचें आहे. हा खेळ मे २०१५ मध्यें प्लेस्टेशन ४ वर १०८० मापाचा निघाला. ऑक्टोबर २०१९ मध्यें तो स्विचवर आणला, तेव्हां हातांतील पडद्यावर त्याचें माप ५४० होतें; म्हणजे ९६० × ५४० = ५,१८,४०० बिंदु, प्लेस्टेशनच्या अगदीं चौथाई. आकडा पाहतां हा पराभवच वाटेल. परंतु दोन्ही पुरवण्यांसह तो संपूर्ण खेळ ३२ गीगाबाइटांच्या एका लहान कार्डांत बसविला होता, आणि यवतमाळहून नागपुरास जाणाऱ्या एस. टी. मध्यें बसूनहि तो खेळतां येई. बरड जमिनींत कष्टानें आणलेलें हें पीक होतें. त्याची किंमत केवळ बिंदु मोजून कळणार नाहीं.

त्याच कंपनीचें तिसरें उदाहरण मात्र पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. तिचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं निघाला. बलाढ्य संगणकावर तो देखणा दिसे. परंतु साध्या प्लेस्टेशन ४ वर व एक्सबॉक्स वनवर चित्र धूसर होई, गति अडखळे आणि खेळ मध्येंच बंद पडे. विक्रीपूर्वीं या जुन्या यंत्रांवरील खेळ लोकांस दाखविला नव्हता, याबद्दल कंपनीनें स्वतःच जाहीर क्षमा मागितली. सोनीनें १८ डिसेंबर रोजीं तो आपल्या दुकानांतून काढून घेतला व ग्राहकांस पैसे परत देऊं केले. जून २०२१ मध्यें तो तेथें पुनः आला. ज्यांनीं आगाऊ पैसे भरले, त्यांनीं एका यंत्रावरील चित्र पाहून दुसऱ्या यंत्रासाठीं खेळ विकत घेतला होता.

यावरून तुलनेचे कांहीं नियम निघतात. पहिला : दोन्ही यंत्रांवर खेळाची आवृत्ति व प्रसंग एकच असावा, कारण पुढें येणाऱ्या सुधारणांनीं खेळाचें रूप पालटतें. दुसरा : पडदा एकच असावा व तो तितक्याच अंतरावरून पाहावा. तिसरा : स्थिर चित्रावर निकाल देऊं नये, गर्दीच्या व धांवपळीच्या प्रसंगीं गति टिकते किंवा नाहीं, तें पाहावें. चवथा : यंत्राचें नांव पुरतेपणीं विचारावें, प्लेस्टेशन ४ निराळें आणि २०१६ सालचें प्लेस्टेशन ४ प्रो निराळें. पांचवा : आपल्या घरीं जें यंत्र आहे त्यावरील खेळ पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

विद्यार्थ्यांनीं अभ्यासासाठीं एक उदाहरण सोडवावें. 'बॅटलफिल्ड ४' हा खेळ २०१३ सालीं प्लेस्टेशन ४ वर १६०० × ९०० बिंदूंचा, तर एक्सबॉक्स वनवर १२८० × ७२० बिंदूंचा होता. पहिलें चित्र दुसऱ्याच्या किती पट भरतें? उत्तर काढल्यावर, केवळ त्या आकड्यावरून कोणतें यंत्र घ्यावें हें ठरवितां येईल काय, तें चार ओळींत लिहावें.

खोटें माप वापरणें हें सर्व धर्मांनीं पाप मानिलें आहे. आपल्या आवडीच्या यंत्राकडे पारडें झुकवून तुलना करणें हेंहि खोटें मापच होय. जो विद्यार्थी खेळाच्या बाबतींतहि सरळ मापानें मोजण्याची संवय लावून घेईल, त्याला पुढें बाजारांत, प्रयोगशाळेंत व लोकव्यवहारांत तिचा उपयोग होईल, अशी आमची खात्री आहे.