साखर खाल्ली तर कळते, प्यायली तर?

प्रश्न : माझा नातू नऊ वर्षांचा आहे. काळं कोल्ड्रिंक आम्ही घरात येऊच देत नाही. उसाचा रस, पॅकमधलं आंब्याचं पेय आणि सुनेच्या हातचं कोकम सरबत, एवढंच तो पितो. लाडू-चॉकलेटची त्याला फारशी ओढ नाही, जेवणही बेताचंच. तरी वर्षभरात वजन बरंच वाढलं. डॉक्टर म्हणतात, आधी ही पेयं बंद करा. खाणं सोडून ते पेयांवरच का घसरले? पातळ रसाने मूल जाड होतं का?
— एक आजी, कराड

उत्तर : आजी, डॉक्टर योग्य जागीच घसरले आहेत. साखर लाडवातली असो की रसातली, एका ग्रॅमला कॅलरी चारच. फरक पडतो तो पोट भरल्याच्या जाणिवेत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात डिमेलियो आणि मॅट्स यांनी १५ प्रौढांवर केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. या लोकांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या जेलीच्या गोळ्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचं गोड सोडा-पेय दिलं. गोळ्या खाल्ल्या तेव्हा माणसं बाकीचं जेवण आपसूक कमी जेवली. पेय प्यायली तेव्हा मात्र ताटातलं काहीच कमी झालं नाही आणि वजन वाढलं. चावायचं अन्न तोंडात वेळ घेतं, जठरातून सावकाश पुढे सरकतं. घोट मात्र सेकंदात खाली उतरतो आणि भूक होती तिथेच राहते. तुमच्या नातवाचं जेवण बेताचं आहे, हे तुम्ही खरंच सांगत असणार. हिशेब चुकतो तो ताटाबाहेर.

पण हे झालं मोठ्यांचं. मुलांवरचा सर्वांत नेटका प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला. ॲमस्टरडॅमजवळच्या आठ शाळांतल्या, साधारण पाच ते बारा वर्षांच्या ६४१ मुलांना १८ महिने रोज २५० मिलिलिटरचा एक डबा दिला गेला. निम्म्यांच्या डब्यात साखर होती, १०४ कॅलरींची. उरलेल्यांच्या डब्यात तीच चव, पण साखरेऐवजी कृत्रिम गोडवा. कोणाला कुठला डबा मिळतोय हे मुलांनाही माहीत नव्हतं आणि मोजमाप करणाऱ्यांनाही. एरवीही रोज गोड पेय पिणारीच मुलं निवडली होती. पाणी पिणाऱ्या पोराला प्रयोगापायी साखरेची सवय लावणं बरं नव्हे, हा विचार त्यामागे होता. मला हा प्रयोग आवडतो तो यासाठीच.

निकाल २०१२ साली आला. वाढत्या वयाची मुलं, त्यामुळे वजन दोन्हीकडे वाढलंच. पण साखरवाल्यांचं सरासरी ७.३७ किलो आणि बिनसाखरेवाल्यांचं ६.३५ किलो. एका डब्याने एक किलोचा फरक. कोणी म्हणेल, दीड वर्षात मोजून एक किलो! खरं आहे. नुसता कॅलरींचा गुणाकार केला तर फरक याहून मोठा यायला हवा होता. म्हणजे शरीराने थोडीफार भरपाई केली, पण पुरी केली नाही. शिवाय हा रोजचा एकच डबा होता, आणि बहुतेक मुलं मुळात जाड नव्हतीच.

आता तुमच्या घरातल्या पेयांकडे वळू. उसाच्या रसात साधारण १३ ते १५ टक्के साखर असते. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये सुमारे साडेदहा-अकरा टक्के. म्हणजे ज्याला तुम्ही दारातून परत पाठवता, त्याच्यापेक्षा रसवंतीवरचा ग्लास जास्त गोड. (आलं-लिंबू पिळल्याने त्यातला एक ग्रॅमही कमी होत नाही.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार अशी मोकळी साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. नऊ वर्षांच्या मुलाचा आहार १७०० कॅलरींचा धरला तर पाच टक्के म्हणजे जेमतेम २१ ग्रॅम. रसाचा एक मोठा ग्लास ३० च्या पुढे जातो. घरी काढलेल्या फळांच्या रसातली साखरही ही संघटना मोकळ्या साखरेतच धरते. अख्ख्या फळातली धरत नाही. तेव्हा संत्रं सोलून द्या, पिळून नको.

पॅकमधलं पेय 'फळाचं' म्हणून सात्त्विक वाटतं, आणि सरकारी करही त्याच समजुतीला खतपाणी घालतो. सप्टेंबर २०२५ पासून बुडबुड्यांच्या गोड पेयांवर जीएसटी ४० टक्के आहे, बिनसाखरेच्या डाएट कोलावरसुद्धा. बुडबुडे नसलेल्या फळांच्या पेयांवर मात्र तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ब्रिटनने २०१८ साली कर लावला तो १०० मिलिलिटरमधली साखर मोजून. तेव्हा कंपन्यांनी पेयांतली साखरच कमी केली. आपल्याकडे कर बुडबुड्यांवर, साखर मोकळी! पॅकवरचा साखरेचा आकडा बहुधा १०० मिलिलिटरचा असतो, पॅक त्याहून मोठा. तो गुणाकार नातवालाच करायला लावा.

मग 'शुगर-फ्री' द्यावं का? डच मुलांना त्याने फायदा झाला खरा, पण तो साखरेच्या तुलनेत. वजन ताब्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडव्याचा वापर करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवलं आहे. तहानेला पाणी आणि साखर न घातलेलं ताक पुरे. आणि वजनाच्या काट्यावर एकट्यावर विसंबू नका. उंचीही मोजून दोन्ही आकडे डॉक्टरांना वाढीच्या तक्त्यावर बघू द्या.

राहिलं सुनेचं कोकम सरबत. अमृत कोकमाच्या बाटलीतून होत असेल तर ते पाकच आहे, कारण अमृत कोकम साखरेतच मुरवलेलं असतं. त्याऐवजी आगळ आणा. त्यात मीठ असतं, साखर नसते. म्हणून ते बेतानेच घालायचं, वर जिरेपूड. पहिले काही दिवस नातू तोंड वाकडं करील, त्याला इलाज नाही.