घरगुती खाद्यविक्री : सूट परवान्यातून, नोंदणीतून नव्हे

तंजावरची भोसले राजवट १८५५ मध्ये संपुष्टात आली. कुंभकोणम् परिसरातील मराठी घरांत मेतकूट मात्र टिकून राहिले. एखादी गृहिणी तेच मेतकूट विकू लागली, की तिचे स्वयंपाकघर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कक्षेत येते. कलम ३१ अन्वये स्वतः पदार्थ करून विकणाऱ्या लहान उत्पादकास परवान्यातून सूट आहे. नोंदणी मात्र अनिवार्य आहे. गफलत होते ती नेमकी येथेच. परवानाधारक वितरकावर नोंदणीकृत वा परवानाधारक विक्रेत्याकडूनच माल घेण्याचे बंधन असल्याने, नोंदणीअभावी उत्तम मेतकूटही शेजारापलीकडे जात नाही. अर्ज ‘फॉस्कॉस’ या संगणकीय प्रणालीवर करता येतो. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. पिण्यायोग्य पाणी वापरणे आणि संसर्गजन्य आजार असलेल्याने पदार्थ न हाताळणे, या अटी घरालाही लागू आहेत.