गाडीचे ब्रेक : पैसा कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये



मुळशी तालुक्यातील चांदे, नांदे, घोटवडे, माण या पट्ट्यात चारचाकी गाडी ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. कुणाकडे जीप आहे, कुणाकडे पिकअप, कुणाच्या मुलाने मोटार घेतली आहे. लागणीचा, खताचा, तोडणीचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. गाडीच्या ब्रेकचा मात्र ठेवीत नाही. गॅरेजवाला सांगेल तो आकडा ऐकायचा, ‘लई झालं’ म्हणायचं आणि देऊन टाकायचा. म्हणून या अंकात ब्रेकच्या खर्चाचा थोडा अभ्यास करण्याचे आम्ही योजिले आहे.

आजच्या बहुतेक मोटारींना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक व मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. पेडल दाबले की कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. ड्रममध्ये शू बाहेरच्या दिशेने फाकतात व त्यांच्यावरचे लायनर ड्रमला आतून घासतात. जुन्या ॲम्बॅसॅडरला चारी चाकांना ड्रमच असत. पॅड आणि लायनर हे झिजण्यासाठीच केलेले आहेत. डिस्क आणि ड्रम मात्र पुष्कळ टिकावेत अशी अपेक्षा असते. सारा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

नव्या पॅडवरचा मसाला साधारण दहा मिलिमीटर जाड असतो. तो तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. ‘अजून ब्रेक लागतोय की, काढू या दोन महिने’ असे म्हणून गाडी तशीच पळविली की मसाला संपतो आणि पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासू लागते. मग डिस्कला चरे पडतात. केवळ हिशेबापुरते आकडे धरू : पॅडचा सेट १,५०० रुपये व मजुरी ५०० रुपये, म्हणजे वेळेवर काम केले तर २,००० रुपये. उशीर केला तर त्यात दोन डिस्कचे ४,००० रुपये व वाढीव मजुरी ५०० रुपये मिळवा, म्हणजे ६,५०० रुपये. आपल्या गाडीचे खरे दर घालून हाच हिशेब पाहावा. दोन महिने ‘वाचविलेले’ पॅड तिपटीहून महाग पडतात, आणि त्या दोन महिन्यांत पुढ्यात अचानक गुरू-वासरू आले तर काय, तो खर्च यात धरलेलाच नाही.

तपासणी फुकट आहे. पुष्कळ गाड्यांत चाकाच्या फटीतून बॅटरीचा उजेड टाकला तरी बाहेरचा पॅड दिसतो. आतला पॅड कधीकधी जास्त झिजतो, म्हणून टायर काढण्याचा प्रसंग आला की तोही पाहून घ्यावा. अनेक पॅडना एक पत्री जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला लागून किंचाळते. असा आवाज आला की रेडिओ मोठा करू नये, गॅरेजला जावे. ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढत असेल किंवा एकच चाक फार तापत असेल, तर कॅलिपरच्या सरक-पिना अडकल्या आहेत का ते बघावयास सांगावे. आपल्याकडे भातखाचरांतला चिखल पावसाळाभर चाकांत बसतो आणि या पिना गंजतात. त्या साफ करून ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावले की काम भागते. साधे ग्रीस लावू नये, ते रबर खराब करते. हे न करता एकाच बाजूचे पॅड पुन्हापुन्हा बदलणारे लोक आहेत.

पॅड किंवा शू बदलताना डाव्या-उजव्या चाकाचे जोडीने बदलावेत. डिस्कला बारीक चरे असतील तर लेथवर हलका हात मारून ती सरळ करता येते. पण डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली ती जाणार असेल तर नवीच घ्यावी. तसाच ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा असतो. ‘डिस्क बदलावी लागेल’ असे कोणी म्हटले तर ‘माप दाखवा’ म्हणावे. यात भांडणाचे कारण नाही, चांगला मिस्त्री आनंदाने दाखवितो.

सुटे भाग आपण स्वतः आणले तर पैसे वाचतात. पुण्यात नाना पेठेत त्यासाठी दुकानांची रांगच आहे. मात्र गाडीचे मॉडेल, साल व जुना पॅड बरोबर न्यावा आणि पक्के बिल घ्यावे. गाडी बनविणाऱ्या कंपनीच्या डब्यातला पॅड महाग वाटला, तर नावाजलेल्या ब्रेक-उत्पादकाचा घ्यावा. बिननावाच्या खोक्यातला, निम्म्या किमतीचा पॅड घेऊ नये. मसाला कडक असेल तर तो स्वतः टिकतो आणि डिस्क खातो. हलका असेल तर तापल्यावर धरतच नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्यामुळे ड्रममधली भुकटी तोंडाने वा हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

ब्रेक ऑईलकडे कुणी पाहत नाही. हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे ताजे ऑईल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑईलची ही मर्यादा १४० अंशांवर येते. ते उकळले की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, पण ब्रेक लागत नाही. साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलण्याचा खर्च पॅडपेक्षा सहसा कमीच असतो.

ही उष्णता येते कुठून? एक हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबविताना ब्रेकना सुमारे १३९ किलोज्यूल उष्णता पचवावी लागते. ताशी ३० वरून थांबविताना सुमारे ३५ म्हणजे चौथाईच. आता ताम्हिणीसारख्या घाटाचा विचार करा. हीच गाडी पाचशे मीटर खाली उतरली तर सुमारे ४,९०० किलोज्यूल खर्च होतात. म्हणजे साठच्या वेगावरून ३५ वेळा थांबण्याइतकी उष्णता, आणि तीही लागोपाठ. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्यातच उतरावा. इंजिन गाडी आवरते आणि पॅड वाचतात. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडणारे महाभाग अजून भेटतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते व पेडल दगडासारखे होते. पावसाळ्यात घाटात हा खेळ करणाऱ्याला काय म्हणावे!

ट्रॅक्टरविषयी थोडेसे. कासारसाई-दारुंब्रेच्या श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे ऊस नेणाऱ्याने डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडले रस्त्यावर कडीने जोडलेली ठेवावीत. शेतात वळताना सुटी करतात आणि तशीच रस्त्यावर येतात. मग एकच चाक धरते व भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर फिरतो. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, तेव्हा सगळा भार ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर येतो.

गावात एकाच जातीच्या पाच-सहा गाड्या असतील तर मालकांनी मिळून पॅड व ऑईल एकदम आणावे, मिस्त्रीला एकाच दिवशी बोलवावे. दुकानदार भावात सवलत देतो, मिस्त्रीचीही फेरी वाचते. कुणाला स्वतः पॅड बदलायचे असतील तर ते आधी एखाद्याच्या हाताखाली शिकून घ्यावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढू नये, खाली घोडी लावावी. एबीएसची वायर ताणू नये. ऑईलची नळी उघडावी लागली तर ते काम मिस्त्रीकडेच द्यावे.

नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. गाडी हलविण्यापूर्वी जागेवरच पेडल टणक लागेपर्यंत पुन्हापुन्हा दाबावे, ऑईलची पातळी पाहावी आणि मगच गिअर टाकावा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, गरज पडल्याखेरीज, कचकन ब्रेक मारू नये.