भरवशांचा गुणाकार

टोमॅटोची लागवड ठरली की संगमनेरात भरवसा देणाऱ्यांची वाण पडत नाही. रोपवाटिकेवाला म्हणतो, रोपं मरायची नाहीत. औषधाच्या दुकानात सांगतात, वेळेवर फवारा, रोगाची काळजी सोडा. बाजारातला ओळखीचा आडतदार म्हणतो, यंदा भाव राहील. यातलं कुणी खोटं बोलत नाही. पण प्रत्येकाचा भरवसा आपापल्या टप्प्यापुरता असतो. विक्रीची पट्टी हातात पडेपर्यंत सगळे टप्पे पार करायचे असतात शेतकऱ्यालाच. म्हणून त्या भरवशांचा गुणाकारही त्यानंच करायला हवा.

रोपं नीट लागण्याची शक्यता शंभरात 95 धरू. रोग आटोक्यात राहण्याची 80, अवकाळी आणि गारपिटीतून वाचण्याची 80, आणि खर्च वजा जाता काही उरेल असा भाव मिळण्याची 60. आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमच्या शिवाराचे घाला. ऐकताना एकूण गोष्ट ऐंशीच्या आसपास वाटते. पण चारही गोष्टी एकाच हंगामात जमाव्या लागतात. 0.95 × 0.80 × 0.80 × 0.60 केलं की उत्तर येतं 0.36. म्हणजे तीन हंगामांत जेमतेम एक. तार, काठी, मल्चिंग, ठिबक, मजुरी यांसाठी उचल घेताना हा आकडा डोळ्यांसमोर हवा.

मात्र हा गुणाकार खरा ठरतो तो गोष्टी एकमेकींपासून सुट्या असल्या तरच. हे आम्हाला 2020 च्या उन्हाळ्यानं शिकवलं. आम्ही दोघा भावांनी वेगवेगळ्या शिवारांत टोमॅटो लावला होता. एक प्लॉट रोगानं जाण्याची शक्यता शंभरात 20, तर दोन्ही जाण्याची 0.20 × 0.20, म्हणजे शंभरात फक्त 4; कागदावर हे बरोबर दिसतं. त्या मे महिन्यात संगमनेर आणि अकोले तालुक्यांतल्या प्लॉटमागून प्लॉटमध्ये फळांवर लाल-पिवळे-हिरवे पट्टे उठले. लोक त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. हा विषाणू मावा पसरवतो, आणि मावा बांध ओळखत नाही. आमचे दोन्ही प्लॉट गेले. हवा एक, कीड एक, लागवडीचा काळ एक. मग दोन प्लॉट म्हणजे दोन सुट्या शक्यता नव्हेतच. अशा वेळी 4 नव्हे, 20 च्या जवळचा आकडा धरावा.

भावाचंही तसंच. तुमचा माल उत्तम येतो त्या हंगामात बहुतेकदा सगळ्यांचाच उत्तम येतो, आणि नारायणगावच्या बाजारात क्रेटची रांग लागते. म्हणून नुसतं ‘भाव मिळेल का’ असं विचारू नका. ‘सगळ्यांचं पीक चांगलं आलं तर भाव मिळेल का’ असं विचारा. उत्तर 60 वरून 40 वर आलं, तर एकूण शक्यता 0.36 वरून 0.24 वर येते. 2023 च्या जुलैत टोमॅटोनं विक्रमी भाव पाहिला. त्या भावाकडं बघून लागवडी वाढल्या, आणि सप्टेंबरात तोडणीची मजुरीही निघेना.

जोडधंद्याचा आधार याच गणितानं तपासावा. टोमॅटो फसण्याची शक्यता 1 वजा 0.36 म्हणजे 0.64, कांद्याची 0.50, दुधाची 0.20 धरली, तर तिन्ही एकदम फसण्याची 0.064. म्हणजे शंभरातल्या सुमारे 94 वेळा निदान एक तरी हात देईल. पण त्याच 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, आणि त्याच सुमारास टोमॅटोही उतरत होता. गोठ्यात चार गायी असल्या तरी 2022 च्या लम्पी रोगाच्या साथीपुढं त्या चार सुट्या शक्यता नव्हत्या. म्हणून दोन धंदे जोडताना आधी पाहावं, एकाच कारणानं दोन्ही बुडतील का? पाणी एकाच विहिरीचं असेल तर तेवढं एक कारणही पुरतं.

आणखी एक समज मोडायला हवा. ‘दोन हंगाम गेले, आता तिसरा लागणारच’ असं म्हणून लोक कर्ज वाढवतात. मागचा तोटा पुढच्या हंगामाची शक्यता वाढवत नाही. उलट 0.64 × 0.64 × 0.64 करून पाहा, 0.26 येतं. सगळं नीट करणाऱ्या चार शेतकऱ्यांतल्या एकाचे सलग तीन हंगाम जाऊ शकतात, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

म्हणून लागवडीआधी वहीत टप्पे लिहा, प्रत्येकापुढं दहा हंगामांतले किती साधतात ते मांडा, जोडलेल्या गोष्टी ओळखा, मग गुणा. एखादा टप्पा पार पडला की तो गाळून उरलेल्यांचा हिशेब पुन्हा करा. आणि कर्ज तेवढंच घ्या, की सलग तीन हंगाम गेले तरी सातबारा गहाण पडणार नाही.