आधी पाणी पाहा, मग शाई

वैशाखातली लगीनसराई होती. आणे गावात कल्याण-नगर रस्त्यालगत माझं एकरंगी ऑफसेट मशीन आहे. त्या दिवशी लग्नपत्रिकांचा हळदीचा पिवळा रंग छापायचा होता. पहिले पन्नासेक कागद झकास निघाले. मग पिवळ्यावर कच्च्या कैरीसारखी हिरवट झाक चढली आणि कोऱ्या जागेवरही फिकट रंग धरू लागला. मशीन थांबवून पाहिलं, तर प्लेट मळकट झालेली.

मी घाबरलो आणि एकदम सगळंच करून बसलो. पाणी वाढवलं, शाई वाढवली, पाण्यात घालायचं आम्लयुक्त फाउंटनचं औषध अंदाजाने जास्त ओतलं, शेवटी नवी प्लेट लावली. तीही तशीच मळली. संध्याकाळपर्यंत तीनशेवर कागद रद्दीत गेले. जे बरे निघाले, त्यांची शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होती, कारण पाण्यात आम्ल जास्त झालं की शाई लवकर वाळत नाही. मुलीच्या वडिलांना पत्रिका दोन दिवस उशिरा मिळाल्या. ती रुखरुख अजून जात नाही.

दोष दोन होते, आणि दोन्ही माझेच. आदल्या दिवशी निळ्या शाईत पावती पुस्तकं छापली होती. शाईचे रोलर धुतले, पण पाण्याच्या रोलरचं कापडी आवरण तसंच ठेवलं. त्यात मुरलेला निळा पिवळ्यात उतरत होता. दुसरा दोष पाण्याचा. आमचं पठार कोरडं; बोअर आटली म्हणून त्या आठवड्यात टँकरचं पाणी घेतलं होतं. ते जास्त जड निघालं. औषधाचं माप मात्र मी जुनंच ठेवलं होतं.

ऑफसेट छपाई तेल आणि पाण्याच्या वैरावर चालते. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं, तेही याच तत्त्वावर. प्लेटचा कोरा भाग पाणी धरतो, म्हणून शाईला दूर ठेवतो. जड पाण्यातले क्षार औषधातलं आम्ल मारतात. मग कोरा भाग पाणी नीट धरत नाही आणि शाईला जागा मिळते. त्याच क्षारांतला चुना रोलरवर पांढरट, गुळगुळीत थर बनून बसतो. मग रोलर शाई घेत नाही, आणि आपण शाई वाढवत राहतो.

म्हणून नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांना सांगतो:

१. प्लेट मळली की मशीन थांबवा आणि ओल्या स्पंजाने पुसा. मळ सहज निघाला आणि पुन्हा सगळीकडे पसरला, तर शाई पाण्यात मिसळते आहे. पाणी आणि शाई तपासा. पुसूनही निघत नसेल आणि त्याच जागी राहत असेल, तर प्लेटच खराब झाली आहे.

२. मशीन थोडा वेळ जरी थांबणार असेल तरी प्लेटला गम, म्हणजे डिंकाचं द्रावण, लावा. ओली, उघडी ॲल्युमिनियमची प्लेट गंजते आणि बारीक ठिपके धरते.

३. पाण्याचा पीएच रोज पट्टीने पाहा. साधारण ४.५ ते ५.५ ठेवा, औषधाच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. औषध मापानेच घाला. पाण्याची जागा बदलली की माप पुन्हा बसवा. शक्य असेल तर आरओचं पाणी वापरा.

४. गडद रंगानंतर फिका रंग घेताना पाण्याची ताटली, रोलरची टोकं आणि कापडी आवरण धुवा. थोडी फिकी शाई चढवून उतरवा. फडक्याला जुना रंग लागेनासा झाला, की मगच काम सुरू करा.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मी चार बदलल्या, म्हणून कशाने काय झालं ते कळलंच नाही.

आमच्या गावच्या रंगदासस्वामींच्या यात्रेची पत्रकं असोत की कुणाच्या लेकीची पत्रिका, तारीख पुढे सरकत नाही. आता टँकर आला, की मी बादलीत आधी पट्टी बुडवतो. ते एक मिनिट मला दोन दिवसांच्या नामुष्कीपासून वाचवतं.