आधी हाड, मग इम्प्लांट

इम्प्लांट म्हटलं की आपण कंपनी विचारतो, किंमत विचारतो, गॅरंटी विचारतो. हाडाची चौकशी राहून जाते. वरच्या दाढेच्या जागी बसवलेला माझा टायटॅनियमचा स्क्रू कॅप बसण्याआधीच हलू लागला. काढून पाहिला तर धातू जसाच्या तसा. हाडानं त्याला धरलंच नव्हतं. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, आईचा खुबा साध्या पडण्यानं मोडलेला, पण त्या दवाखान्यात यातलं काहीच विचारलं गेलं नाही. नंतर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली. टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

टायटॅनियमशी हाड एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना सशांवरच्या प्रयोगात दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. पण एकजीव होण्याचं काम धातू करत नाही, हाड करतं. सुरुवातीला स्क्रू नुसत्या आट्यांच्या पकडीवर उभा असतो. मग भोवतालचं जुनं हाड झिजतं आणि नवं हाड त्याच्यावर चढतं. या अदलाबदलीत काही आठवडे पकड सैल पडते. ठिसूळ हाडात झीज जास्त आणि भर कमी. त्यात वरच्या जबड्याच्या मागच्या बाजूचं हाड मुळातच जाळीदार. पोपडे धरलेल्या भिंतीत खिळा ठोकावा, तशी गत.

दुसऱ्या खेपेला दंतवैद्य आणि हाडांचे डॉक्टर एकमेकांशी बोलले. आधी डी जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढली. खरबरीत पृष्ठभागाचा स्क्रू निवडला, कारण गुळगुळीत धातूपेक्षा त्यावर हाड लवकर रुजतं. छिद्र किंचित अरुंद पाडलं आणि कॅपची घाई केली नाही. हा इम्प्लांट टिकला.

म्हणून सांगते :

१. पन्नाशीपुढच्या बायकांनी, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि साध्या पडण्यानं हाड मोडलेल्यांनी आधी डेक्साबद्दल विचारावं.

२. हाडांची औषधं सांगाच; आठवड्याची गोळी, सहामाही किंवा वार्षिक इंजेक्शनही. यातल्या काही औषधांमुळे, क्वचित का होईना, जबड्याची जखम भरत नाही. पण औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका. डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन चुकलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो.

३. तंबाखू सोडा, साखर आटोक्यात आणा.

४. 'आजच दात, आजच कॅप' या जाहिरातीला भुलू नका.

मणक्यात किंवा खुब्यात स्क्रू बसवायचा असला तरी हाड कसं आहे, हाच प्रश्न आधी विचारा. ठिसूळ मणक्यात सर्जन काही वेळा स्क्रूभोवती सिमेंट भरतात. पण ते आधी कळलं, तरच तशी तयारी होते. ठिसूळ हाडात इम्प्लांट बसतच नाही, असं नाही. हाड तपासल्याशिवाय मात्र बसवून घेऊ नका.